जुना मिलिटरी वायरलेस ट्रक आणि त्याचं चार्जिंग इंजिन : पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धातला वायरलेस ट्रक दारात आला की बहुतेक जण सगळ्यात आधी रंग आणतात. माझं म्हणणं उलटं आहे, रंग सगळ्यात शेवटी आणि बॅटरी सगळ्यात आधी, कारण ही गाडी म्हणजे नुसती गाडी नाहीये, ती चाकांवरचं एक छोटं वीजघर आहे आणि त्या वीजघराच्या मधोमध बॅटरी बसलेली आहे. एका बाजूने चार्जिंग इंजिन तिच्यात करंट भरतं, दुसऱ्या बाजूने रेडिओ तो ओढतो. हे गणित एकदा डोक्यात बसलं की कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे कोणाला विचारायला लागत नाही.

मी इथे कॅनडियन शेव्हरोले सी-८-ए हेवी युटिलिटी वायरलेस धरून लिहितोय, त्यात १९ नंबरचा वायरलेस सेट आणि सोबत १२ व्होल्ट ३०० वॅटचं चोअर हॉर्स चार्जिंग इंजिन. तुमच्याकडे फोर्ड असेल, बेडफर्ड एमडब्ल्यू असेल, तरी कामाचा क्रम तोच राहतो. इकडे कॅनडात, ऑन्टारिओत ह्या गाड्या घरच्याच म्हणायच्या, शेव्हरोले ओशावाला बनायच्या आणि फोर्ड विंडसरला. आपल्याकडेही त्या परक्या नव्हत्या बरं का, जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासूनचा, आणि युद्धात कॅनडाहून खोक्यांत सुटे भाग येऊन असे ट्रक मुंबईत जोडले जायचे. १९ नंबर सेट तर ब्रिटिश रणगाड्यांचा नेहमीचा सेट, त्यामुळे नगरच्या रणगाडा संग्रहालयात महायुद्धातले ब्रिटिश रणगाडे बघताना लक्षात असू द्या की त्या काळी त्यांच्या आत हाच डबा कुरकुरत असायचा.

आधी फक्त बघा, काही जोडू नका

गाडी आली की पहिल्या दिवशी बॅटरी लावून "बघू चालतंय का" करायचा मोह होतो, तो आवरा. रेडिओला तर अजिबात करंट देऊ नका. सत्तर-ऐंशी वर्षं पडून असलेल्या सेटमधले कागदी कपॅसिटर आतून लीक झालेले असतात आणि वायरींवरचं रबर बोट लावलं की भुगा होतं, अशा सेटला १२ व्होल्ट दिले की दोन मिनिटांत एखादा ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर आता दुकानात मिळत नाही.

त्यापेक्षा फोटो काढा. प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक भोक, वायर कुठून कुठे जाते, कुठल्या स्क्रूखाली वॉशर आहे, सगळं. बॉडीत रिकामी भोकं दिसली तर ती बुजवू नका, बॅटरीचा खोका कुठे होता, एरियलचा बेस कुठे होता, टेबल कुठे होतं हे ती भोकंच सांगतात. रंगाचे जुने थरही असेच वाचता येतात, एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने गोल गोल घासत जा, एकाखाली एक थर गोल कड्यांसारखे दिसायला लागतात, खाली एससीसी-२ हा तपकिरी निघाला आणि त्याच्यावर एससीसी-१५ हा ऑलिव्ह, तर गाडी १९४४ च्या आधी रंगवलेली आणि नंतर पुन्हा रंगलेली हे कळलं. त्याचाही फोटो काढून ठेवा, पुढे लागणारच आहे.

धोक्याच्या गोष्टीही ह्याच टप्प्यावर शोधा. ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि सायलेन्सरभोवतीच्या गुंडाळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे कॉम्प्रेसरची हवा मारून ब्रेक ड्रम साफ करायचे नाहीत, ओलं करून पुसायचे. त्या काळच्या काही मीटरांच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग लावलेला असायचा, तो आता चमकत नसला तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो, म्हणून असं मीटर उघडायचं नाही आणि खरवडायचं तर नाहीच. आणि चाकं. ह्या गाड्यांचे रिम दोन तुकडे बोल्टने जोडून केलेले असतात. चाक गाडीला धरून ठेवणारे नट वेगळे आणि रिमचे दोन तुकडे धरून ठेवणारे नट वेगळे, टायरमध्ये हवा असताना दुसरे नट ढिले केले तर रिम फुटून अंगावर येतो, माणूस मरतो. लष्करात ते नट लाल रंगवायचे ते ह्याचसाठी. तुम्हीही आजच लाल रंगवा, बाकी रंग शेवटी असला तरी हा एक रंग पहिल्या दिवशी.

दोन वेगळी वायरिंग, त्यांची गाठ घालू नका

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. गाडीचं स्वतःचं वायरिंग, म्हणजे सेल्फ, दिवे, इग्निशन, हे ६ व्होल्टचं आहे. रेडिओच्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आणि पूर्ण वेगळ्या. शेव्हरोलेत निगेटिव्ह अर्थ, फोर्डमध्ये पॉझिटिव्ह अर्थ, त्यामुळे कुठलीही वायर रंगावरून ओळखायला जाऊ नका, मीटर लावून बघा. मागच्या मालकांपैकी कोणीतरी सोय म्हणून गाडी १२ व्होल्टची करून दोन्ही सर्किट एकत्र केलेली असतात, तसं दिसलं तर मी सरळ सांगेन की ते सोडवा आणि मूळ रचनेवर या. वेगळं ठेवण्यात अर्थ होता, रात्रभर रेडिओ ऐकून बॅटरी बसली तरी सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे.

रेडिओसाठी बॅटरी घेताना साधी पाण्याची लेड-अॅसिड घ्या, १०० अँपिअर-अवरच्या आसपासची, आणि शक्यतो डीप सायकल, म्हणजे इन्व्हर्टरला वापरतो त्या जातीची. लिथियम नको, एजीएमही, म्हणजे पाणी न भरता येणारी सीलबंद लेड-अॅसिड, माझ्या मते नको, कारण चोअर हॉर्स हा आजच्या चार्जरसारखा हुशार नाही, टप्प्याटप्प्याने करंट कमी करणं त्याला माहीत नाही, मीटर बघत माणसाने बसायचं असतं आणि पाण्याची बॅटरी थोडा जास्त चार्ज सहन करते, पाणी भरलं की झालं. हायड्रोमीटर घ्याच. घनता १.२७ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. बॅटरीच्या अगदी जवळ, पॉझिटिव्हवर, फ्यूज टाका. मूळ गाडीत असेल नसेल, तुमच्या गाडीत असलाच पाहिजे, आणि तो खोक्यात लपवता येतो, दिसत नाही.

चार्जिंग इंजिन : खरा वेळ इथे द्या

चोअर हॉर्स हे जॉन्सन कंपनीचं, म्हणजे बोटींची आउटबोर्ड इंजिनं करणारी जॉन्सन. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, साइड व्हॉल्व्ह, हवेने थंड होणारं, आणि त्याच्याच शाफ्टवर डीसी जनरेटर. ३०० वॅट म्हणजे १४ व्होल्टला साधारण २१ अँपिअर. १९ नंबर सेट बोलताना दहा अँपिअरच्या आसपास घेतो आणि ऐकताना त्याहून कमी, म्हणजे सेट चालू असतानाही बॅटरीत भर पडत राहते. किती छान हिशेब केलाय बघा.

इंजिन जाम असेल तर घाई करू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गाड्यांचं ट्रान्समिशन फ्लुइड (एटीएफ) निम्मं-निम्मं मिसळून ओता आणि विसरून जा, अधूनमधून भर घाला, रोज फ्लायव्हील हाताने थोडंसं मागेपुढे करून बघा. हातोडा नाही, लांब दांडा लावून जोर नाही, फ्लायव्हीलचे पंखे बिडाचे असतात, तुटले की संपलं. साइड व्हॉल्व्ह असल्यामुळे हेड काढणं अगदी सोपं आहे, बोल्ट सोडवले की पिस्टन, व्हॉल्व्ह सगळं समोर दिसतं. एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असतो हमखास. त्याला तेल सोडून हळूहळू फिरवत खाली घ्या, मग ग्राइंडिंग पेस्ट लावून सीट घासून घ्या, चारी बाजूंनी सारखी करडी रेघ आली की पुरे.

मग स्पार्क. मॅग्नेटोचे पॉइंट पांढुरके पडलेले असतात, बारीक फाइलने साफ करून कोऱ्या कागदाची पट्टी त्यांच्यातून ओढा, काळं यायचं थांबेपर्यंत. कंडेन्सर मात्र सरळ बदला, जुना तपासत बसू नका, थंड असताना बरा दाखवतो आणि इंजिन तापल्यावर दगा देतो, मग तुम्ही कार्ब्युरेटरवर संशय घेत बसता.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त सांगतो कारण आज हाच मोठा शत्रू आहे. इथे पंपावर साधारण १० टक्के इथेनॉल असतं, भारतात आता २० टक्के, आणि इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, कॉर्कचा फ्लोट असेल तर त्याच्यावरचं लाखेचं कवच विरघळवतं, शिवाय हवेतलं पाणी ओढून टाकीच्या तळाला गंज आणतं. सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाका, मिळत असेल तर बिनइथेनॉलचं पेट्रोल घाला, आणि काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहील. पुण्या-नाशकात जुन्या विलीज जीप सांभाळणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

इंजिन पेटलं, आता जनरेटर. ब्रश आपापल्या खाचेत सुटे सरकतात का बघा, ते ज्याच्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कॉम्युटेटर पुसा. हे इंजिन बटण दाबल्यावर बॅटरीवरच सुरू होतं, जनरेटरच तेवढ्यापुरता मोटर बनतो, त्यामुळे एकदा असं बॅटरीवर फिरवलं की वर्षानुवर्षं पडून गेलेली चुंबकशक्ती परत येते. दोरीने सुरू केलं आणि इंजिन व्यवस्थित पळतंय पण मीटरचा काटा शून्यावर, तर बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं.

आता कटआउट, हा छोटा रिले फार मोलाचा आहे आणि लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. जनरेटरचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेला की तो जोडतो आणि खाली आला की तोडतो. कॉन्टॅक्ट चिकटून बसले असतील तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरी उलटी जनरेटरमध्ये ओतली जाते, वायरी तापतात, आणि बाजूला पेट्रोलची टाकी आहे. म्हणून इंजिनवर लावायच्या आधी टेबलावर तपासा. कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय जनरेटरच्या बाजूला जोडा, व्होल्टेज हळूहळू चढवा, साधारण १३ च्या आसपास टक् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, आणि खाली आणताना तो तितक्याच स्वच्छपणे सुटला पाहिजे. घरघर केली, अर्धवट जोडला, तर कॉन्टॅक्ट साफ करा. स्प्रिंग वाकवायची वेळ शेवटी, आणि एका वेळी केसभर.

चार्ज करताना बॅटरीवर मीटर ठेवा, १४.४ च्या वर जाऊ देऊ नका. अर्धी रिकामी १०० अँपिअर-अवरची बॅटरी भरायला तीन-चार तास सहज जातात, शेवटी शेवटी तर बॅटरीचा व्होल्टेज चढल्यामुळे करंट कमीच होतो. इंजिन कायम गाडीच्या बाहेर, उघड्यावर. लाकडी शेडमध्ये दार उघडं ठेवून चालतंय असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रेडिओ

१९ नंबर सेट मुळात केंब्रिजच्या पाय कंपनीचा, १९४० सालचा, नंतर कॅनडात नॉर्दर्न इलेक्ट्रिक, आरसीए व्हिक्टर आणि कॅनडियन मार्कोनी ह्यांनीही बनवला. कॅनडियन सेटच्या पॅनलवर बऱ्याचदा इंग्रजीच्या जोडीला रशियन अक्षरं दिसतात, कारण हे सेट रशियालाही पाठवायचे होते. एका डब्यात तीन गोष्टी आहेत: २ ते ८ मेगाहर्ट्झचा ए सेट, २३० च्या आसपासचा जवळच्या पल्ल्याचा बी सेट आणि गाडीतल्या गाडीत बोलायला इंटरकॉम.

सुरुवात सप्लाय युनिटपासून, म्हणजे त्यातल्या डायनामोटरपासून. १२ व्होल्टवर फिरणारी मोटर आणि त्याच आर्मेचरवर साधारण २७५ आणि ५०० व्होल्ट देणारं वाइंडिंग. बाहेर काढा, दोन्ही टोकांची झाकणं उघडा. प्रत्येक ब्रश काढताना त्याच्यावर आणि त्याच्या खाचेवर पेन्सिलने एकच खूण करा, कुठलं तोंड कुठे होतं तेही, कारण ब्रश कॉम्युटेटरच्या गोलाईला झिजून बसलेला असतो आणि उलटा घातला की ठिणग्या उडतात. बेअरिंगमधलं ग्रीस वाळलेल्या गुळासारखं झालेलं असतं, ते रॉकेलने पूर्ण धुऊन, सुकवून नवीन थोडंसं भरा. कॉम्युटेटरला एमरी पेपर लावू नका, त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांमधल्या फटीत अडकून शॉर्ट करतात, बारीक काचपेपर वापरा, मग बांबूच्या टोकदार काडीने एकेक फट साफ करा. वेळखाऊ काम आहे, चहा घेऊन बसा. नंतर लोड न लावता १२ व्होल्टवर फिरवा, आवाज वाढत जाऊन एका सुरावर स्थिरावला पाहिजे. खरखर आली की थांबा.

सेटमध्ये मायका कपॅसिटर बहुतेक चांगले असतात, कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक बदला. जुन्याचं कवच आतून रिकामं करून नवीन त्याच्यात बसवलं तर दिसायला मूळ राहतं, मला हीच पद्धत आवडते. रेझिस्टर वीस टक्क्यांहून जास्त सरकला असेल तर बदला. रेडिओचे व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या ट्यूब, उगाच उपटून बघू नका, ह्या सेटमध्ये त्यांचे ६ व्होल्टचे फिलामेंट, म्हणजे आत तापणाऱ्या तारा, एकमेकांशी सिरीजमध्ये जोडून १२ वर चालवलेत, एक काढला की शेजारचाही विझतो आणि तुम्ही दोन्ही खराब समजता. स्विचच्या पट्ट्यांवर मिळेल तो स्प्रे मारू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश.

पहिला करंट डायनामोटरवरून द्यायचा नाही, तो हळू फिरत नाही, एकदम पूर्ण व्होल्टेज फेकतो. आधी फक्त फिलामेंट, मग करंट लिमिट असलेल्या वेगळ्या सप्लायवरून एचटी, म्हणजे ते जास्तीचे व्होल्ट, थोडा थोडा वाढवत न्या, कुठे काही तापतंय का, वास येतोय का बघत. ५०० व्होल्ट डीसी आहे, एक हात खिशात आणि बंद केल्यावरही कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय आत बोट नाही. सेट जुळल्यावर पुढच्या मीटरचा स्विच एलटी (बॅटरीचे १२ व्होल्ट), एचटी१, एचटी२ असा फिरवून बघा, बोलतानाही एलटी १२ च्या खाली फारसं पडत नसेल तर तुमच्या केबल आणि टोकं चांगली आहेत. पडत असेल तर रेडिओला दोष देऊ नका, बॅटरीच्या टोकांपासून एकेक जोड तपासत या.

गाडी

ह्यावर कमी लिहितोय, कारण इंजिन आणि ब्रेक कुठलाही जुना मेकॅनिक समजावून देईल. २१६ क्युबिक इंचाचं हे सहा सिलिंडरचं शेव्हरोले इंजिन बॅबिट बेअरिंगचं आहे, कनेक्टिंग रॉडला तेल उडवून मिळतं, त्यामुळे त्याला जोरात पळवायचं नाही. ब्रेकचे सिलिंडर, होज सगळे नवे. वायरलेस गाडी म्हणून एकच गोष्ट वेगळी, सप्रेशन. प्लगच्या वायरींवरची जाळी, जनरेटरवरचे कपॅसिटर, बॉनेटपासून चॅसीपर्यंतच्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या, हे भंगार समजून फेकू नका, हे नसेल तर इंजिन चालू असताना रेडिओत नुसता खडखडाट ऐकू येईल. पट्टी बसते तिथला रंग खरवडून उघडा पत्रा करा. पेंटरला हे आधी सांगा, नाहीतर तो प्रेमाने सगळीकडे रंग मारून ठेवतो.

हवेवर जाताना

ऐकायला बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही, तरी आपापल्या देशाचा नियम बघून घ्या. बोलायला मात्र हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हवंच, भारतात ते दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीकडून मिळतं. ए सेटमध्ये ८० मीटर आणि ४० मीटर हे दोन्ही हॅम बँड येतात. भारतात ४० मीटर ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. डायल जुना आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, फ्रिक्वेन्सी काउंटरने बघा. बी सेट बोलायला वापरायचा नाही, त्या पट्ट्यात आज लष्करी विमानांची वाहतूक आहे. आधी डमी लोडवर, म्हणजे एरियलच्या जागी लावलेल्या रेझिस्टरवर, ट्यून करा, मग व्हेरिओमीटर (एरियल सेटशी जुळवणारी कॉइल) आणि एरियल. ताकद जेमतेम काही वॅट, पण एएमवर ऐकणारी मंडळी आहेत, ब्रिटनमध्ये जुने मिलिटरी रेडिओवाले ३६१५ किलोहर्ट्झवर जमतात. किंग्स्टनच्या मिलिटरी कम्युनिकेशन्स संग्रहालयात जाऊन मूळ उपकरणं बारकाईने बघून या, ओशावाच्या ऑन्टारिओ रेजिमेंट संग्रहालयात तर जुन्या गाड्या चालू अवस्थेत ठेवतात, तिथल्या माणसांशी बोला.

आणि मग रंग

सुरुवातीला काढलेले थरांचे फोटो आता बाहेर काढा आणि एक साल ठरवा. १९४३ चा रंग आणि १९४५ च्या खुणा असं एकत्र करू नका. मॅट रंगच, चकचकीत नाही. आतल्या पत्र्यावर मूळ स्टेन्सिल किंवा कोणी सिग्नलवाल्याने पेन्सिलने लिहिलेली फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन सापडली तर त्याच्यावर रंग मारू नका, तो भाग तसाच ठेवा.

थंडीच्या देशात असाल तर हिवाळ्याआधी बॅटरी पूर्ण भरून ठेवा, रिकामी बॅटरी उणे ७-८ लाच गोठायला लागते आणि फुटते, भरलेली उणे ५० लाही टिकते. चोअर हॉर्सचं तेल हिवाळ्याआधी बदला, नंतर नाही. प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून फ्लायव्हील दोनदा हाताने फिरवा, आणि पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून थांबवा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतील.